तुलाही नको, मलाही नको

रंकाळ्यावर फिरायला आलेली दोन अनोळखी माणसं धरा. एकाच्या हातात 100 रुपये ठेवा आणि सांगा, यातले दुसऱ्याला किती द्यायचे ते तू ठरव. दुसरा हो म्हणाला तर वाटणी पक्की, नाही म्हणाला तर दोघंही रिकाम्या हातानं घरी. बोली एकदाच, घासाघीस नाही.

निव्वळ फायदा बघणारा 1 रुपयासुद्धा खिशात टाकेल. पण 1982 साली जर्मनीत वेर्नर ग्यूट आणि सहकाऱ्यांनी हा खेळ मांडला, आणि पुढं जगभर तो खेळला गेला. बहुतेक जण 40 ते 50 टक्के देऊ करतात. 20 टक्क्यांच्या खालची बोली साधारण निम्मे लोक धुडकावतात.

कोल्हापूरकराला यात नवल वाटू नये. ऊसदराचा तिढा पडला की शिरोळ-हातकणंगल्यात तोड बंद होते, ट्रॅक्टर-ट्रॉल्या अडवल्या जातात. उभा ऊस वाळतो, वजन घटतं आणि फटका शेतकऱ्यालाच बसतो. हे ठाऊक असूनही कोयता थांबतो. अर्थात इथं एक मेख आहे. कारखान्याशी गाठ पुढच्या हंगामातही असते. यंदा गप्प बसलो तर पुढं आणखी दाबतील, हाही हिशेबच की! न्यायाची चाड किती आणि दूरचा स्वार्थ किती, हे फडात वेगळं काढता येत नाही.

प्रयोगात येतं. तिथं समोरचा पुन्हा भेटणार नसतो, तरी नकार येतोच. 2003 मध्ये अ‍ॅलन सॅन्फी आणि सहकाऱ्यांनी खेळणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले. अन्यायाची बोली आली की इन्सुला हा भाग चेतत होता. किळस आणि वेदनेच्या वेळीही तो चेततो. गंमत म्हणजे तेवढीच तुटपुंजी बोली संगणकानं केली, तर लोक ती जास्त वेळा मुकाट घेत. म्हणजे राग रकमेचा कमी, माणसाच्या हेतूचा जास्त.

पण 100 रुपयांवर बाणेदारपणा दाखवणं सोपं असतं, ही शंका रास्तच. ईशान्य भारतातल्या खेड्यांत संशोधकांनी तोच खेळ 20 रुपयांपासून 20,000 रुपयांपर्यंत नेला. त्याचा अहवाल 2011 मध्ये आला. 20,000 म्हणजे तिथल्या माणसाची 1600 तासांची कमाई. त्या रकमेला पाचवा हिस्सा म्हटला तरी 4,000 रुपये होतात. तिथं नकार जवळजवळ उरलाच नाही.