जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा: बेळगाव, खानापूर, निपाणीकरांनी आधी नाव तपासावं

इंजिनिअरिंग संपवून मास्टर्ससाठी जर्मनीला जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा पैशांची होते. माझं म्हणणं, त्याआधी दहावीचं मार्क्स कार्ड, पीयूसीचं (बारावीचं) कार्ड, डिग्रीच्या गुणपत्रिका आणि पासपोर्ट शेजारी-शेजारी मांडा आणि नाव अक्षरन् अक्षर ताडून बघा.

आपल्या सीमाभागात घोळ इथेच होतो. घरी आपण ज्योती, स्वाती, कविता लिहितो. कर्नाटकच्या कागदावर त्याच नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'टी'पुढे 'एच' येऊन बसतो. डिग्री कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची असेल तर तिथे आडनाव आधी, दहावीच्या कार्डावर नुसती आद्याक्षरं. पासपोर्ट नवा काढायचा असेल तर तो दहावीच्या कार्डाप्रमाणेच काढा. कार्डच चुकलं असेल तर दुरुस्तीचा अर्ज शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत मंडळाकडे जातो. त्याला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या सेमिस्टरची वाट बघू नका. जन्मगाव जुन्या कागदावर 'बेलगाम' असेल तर मात्र घाबरू नका. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं, एवढाच तो फरक.

पुढची पायरी एपीएस प्रमाणपत्राची. एपीएस म्हणजे दिल्लीतलं एक कार्यालय, भारतातल्या पदव्या खऱ्या आहेत का ते तपासणारं. १ नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी हे प्रमाणपत्र बंधनकारक आहे आणि फी १८,००० रुपये. बरीच विद्यापीठं प्रवेशअर्जालाच ते मागतात. हिवाळी सत्र ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं, अनेक अर्जांची मुदत १५ जुलैला संपते. तेव्हा एपीएस आदल्या वर्षीच हाती असलेलं बरं. मास्टर्सऐवजी पदवीलाच तिकडे जायचं असेल, तर नुसत्या बारावीवर थेट प्रवेश सहसा मिळत नाही.

पैशांचा पुरावा म्हणजे बहुतेकांसाठी ब्लॉक्ड अकाउंट. वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरायचे, तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो काढता येतात. शेत विकायला निघालेल्या वडिलांना हे नीट समजावून सांगा: ही फी नव्हे, मुलाचाच राहण्याजेवणाचा खर्च आहे. शिष्यवृत्ती किंवा जर्मनीत राहणाऱ्या नातेवाइकाचं अधिकृत हमीपत्रही चालतं. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नसतं, पण बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात आपल्या मुलांना सत्राला १,५०० युरो पडतात.

व्हिसाचा अर्ज राहत्या पत्त्याप्रमाणे जातो. कॉलेज कोल्हापूरला असलं तरी घर निपाणीत असेल, तर तुमचं कार्यालय बंगळूरचं, मुंबईचं नव्हे. प्रवेशपत्र, एपीएस, ब्लॉक्ड अकाउंटचा पुरावा, आरोग्य विमा, भाषेचं प्रमाणपत्र, सगळ्या गुणपत्रिका आणि का शिकायचंय हे सांगणारं पत्र जोडावं लागतं. ते पत्र एजंटकडून लिहून घेऊ नका. मुलाखतीला बोलावलं तर उत्तरं तुम्हालाच द्यायची आहेत. व्हिसाची फी ७५ युरो.

हा व्हिसा फक्त प्रवेशापुरता, ठरावीक मुदतीचा असतो. तिथे घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची आणि व्हिसा संपण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात राहण्याच्या परवान्याचा अर्ज द्यायचा. शिकताना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. मूळ कागदांचा संच हातातल्या बॅगेत ठेवा आणि एक झेरॉक्स संच घरी आईकडे द्या.