दंतनिष्कासन

दात किंवा दाढ जबड्यातील खोबणीतून मुळासह काढण्याची शस्त्रक्रिया. टिकवता येण्याजोगा प्रत्येक दात वाचवावा, असे आजच्या दंतवैद्यकाचे धोरण असल्याने नुसती ठणक हे दात काढण्याचे कारण ठरत नाही. कीड दाताच्या आतील नसेपर्यंत पोचली आणि मुळाशी पू झाला, तरी रूट कॅनल करून वर कॅप बसवल्यास दात बहुधा टिकतो. मात्र कॅपला आधार देण्याइतका भागही हिरडीवर उरला नसेल किंवा मूळ उभे चिरले असेल, तर दात काढण्याचाच सल्ला दिला जातो.

पायोरियात दाताभोवतीचे हाड झिजते. दंतवैद्य दोन हत्यारांच्या दांड्यांमध्ये दात धरून हलवून पाहतो. बाजूला थोडा हलणारा दात उपचारांनी टिकू शकतो. दाबल्यावर खोबणीत खाली-वर होणारा सहसा टिकत नाही. अशा दाताला पुष्कळदा कीड नसते, त्यामुळे 'चांगला' दात का काढायचा, हा रुग्णाचा प्रश्न स्वाभाविक असतो. दाटीवाटीने आलेले दात तारेने सरळ करताना कधीकधी सुळ्यांमागच्या पहिल्या उपदाढा काढाव्या लागतात. तोंडाच्या कर्करोगात किरणोपचारांपूर्वी शंकास्पद दात काढतात, कारण किरणोपचार झालेल्या जबड्यातील जखम नीट भरत नाही.

खालची अक्कलदाढ तिरकी अडकली की तिच्यावरील हिरडीच्या पदराखाली अन्न साचते, सूज येते आणि तोंड उघडेनासे होते. असे वारंवार झाल्यास ती काढणे योग्यच. त्रास न देणाऱ्या अक्कलदाढेबाबत मतभेद आहेत. ब्रिटनमधील २००० सालच्या मार्गदर्शनानुसार अशी दाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. अमेरिकेत अनेक शल्यचिकित्सक ती तरुणपणीच, मुळे पुरती वाढण्याआधी काढणे पसंत करतात. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस या दाढेच्या मुळांजवळून जाते, हे पाहता शेजारच्या दाढेवर लक्ष ठेवून थांबणे अधिक सयुक्तिक वाटते.

वरचा दात काढल्यास नजर जाते, या समजुतीचे मूळ बरेच जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात किडलेला, हलणारा दात काढून ती जागा डागण्यास सांगितले आहे. वरचा दात मात्र हलत असला तरी वैद्याने काढू नये, कारण अतिरक्तस्रावाने एका डोळ्याचे अंधत्व व अर्दित म्हणजे तोंडाचा पक्षाघात होतो, असा इशारा आहे. रोमन लेखक सेल्सस (इ. स. पहिले शतक) यानेही वरच्या दातांबाबत अधिक धोका सांगितला आहे. संहितेचा गाभा इसवी सनापूर्वीचा असावा, पण आजचे स्वरूप पुढील शतकांत झालेल्या फेरफारांनंतरचे मानले जाते; त्यामुळे केवळ कालक्रमावरून एकाने दुसऱ्याकडून हे घेतले असे ठरवता येत नाही. शिवाय दोघांची कारणमीमांसा भिन्न आहे: सुश्रुत रक्तस्रावाला दोष देतो, तर सेल्सस डोळ्यांना व कानशिलांना बसणाऱ्या हिसक्याला. म्हणून दोन्ही निरीक्षणे स्वतंत्र असण्याची शक्यता अधिक.

शरीररचनेत या समजुतीला आधार नाही. दृष्टीची चेता (नस) वेगळी. वरच्या दातांची संवेदना चेहऱ्याच्या त्रिमूल चेतेच्या दुसऱ्या शाखेतून जाते. उलट वरच्या सुळ्याच्या मुळाशी झालेला पू गालातून वर पसरून डोळा सुजवू शकतो, आणि संसर्ग शिरांवाटे मेंदूपर्यंत जाण्याचा दुर्मीळ पण गंभीर धोका असतो. नजरेच्या भीतीने असा दात तसाच ठेवणे घातक आहे. वरच्या दाढांच्या मुळांलगत असते ती वरच्या जबड्याच्या हाडातील पोकळी, म्हणजे सायनस. दाढ काढताना तिचा तळ कधीकधी उघडा पडतो.

वेदनारहित निष्कासनाची सुरुवात अमेरिकेत झाली. ११ डिसेंबर १८४४ रोजी हार्टफर्ड येथे होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली. विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ३० सप्टेंबर १८४६ रोजी ईथर हे भुलीचे द्रव्य देऊन रुग्णाचा दात काढला. क्रॉफर्ड लाँग या अमेरिकन डॉक्टरने ईथरखाली १८४२ मध्येच गाठ काढली होती, पण त्याचा वृत्तांत १८४९ पर्यंत प्रसिद्ध झाला नाही. आता बहुतेक दात जागेवरच्या भुलीत काढतात.

अनियंत्रित मधुमेहात शक्य तेव्हा निष्कासन लांबणीवर टाकतात. रक्त पातळ करणारी औषधे किंवा हाडांच्या ठिसूळपणावरील बिस्फॉस्फोनेट औषधे चालू असल्यास दंतवैद्याला आधी सांगणे आवश्यक असते. ती परस्पर बंद करू नयेत.