डेटा वेअरहाउस: स्वतःच्या सर्व्हर रूमपासून क्लाउडपर्यंत

डेटा वेअरहाउस, म्हणजे कंपनीचा डेटा विश्लेषणासाठी एकत्र साठवणारी यंत्रणा, स्वतःच्या सर्व्हर रूममध्ये ठेवायचं की क्लाउडवर, हा प्रश्न २०१२ पूर्वी बहुतेक कंपन्यांना पडतच नव्हता. टेराडेटा या कंपनीची, अनेक प्रोसेसर एकाच वेळी चालवणारी यंत्रं १९८४ पासून ग्राहकांकडे जाऊ लागली होती. १९८८ मध्ये आयबीएमच्या बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी वेअरहाउसची रचना लेखात मांडली. पुढे नेटीझा, एक्साडेटा ही यंत्रं आली. या बहुतेक यंत्रांत साठवण आणि गणनाशक्ती एकमेकांना बांधलेली असे. जागा कमी पडली की प्रोसेसरसकट नवा रॅक (सर्व्हरचं कपाट) घ्यायचा. तिमाहीअखेरच्या गर्दीला पुरेल एवढं यंत्र आधीच विकत घ्यायचं आणि एरवी त्याचा बराच भाग रिकामा ठेवायचा. लायसन्स आणि देखभालीचा खर्च मात्र बारमाही.

नोव्हेंबर २०१२ मध्ये ॲमेझॉनने रेडशिफ्ट हे क्लाउडवरचं वेअरहाउस जाहीर केलं. जुन्या पद्धतीत एका टेराबाइटला वर्षाला १९ ते २५ हजार डॉलर लागतात, आम्ही तीन वर्षांच्या करारावर हजाराच्या आत देतो, असा त्यांचा दावा होता. आकडे विक्रेत्याचे होते, पण चर्चेची दिशा त्यांनी बदलली.

माझ्या मते खरं वळण मात्र किमतीचं नव्हतं. सुरुवातीच्या रेडशिफ्टमध्येही डेटा आणि प्रोसेसर एकाच नोडवर, म्हणजे एकाच यंत्रावर होते. क्लस्टर, म्हणजे अशा नोडचा समूह, वाढवताना त्यात नवा डेटा लिहिता येत नसे. गूगलच्या बिगक्वेरीने आणि २०१२ मध्येच स्थापन झालेल्या स्नोफ्लेकने ही गाठ सोडवली. स्नोफ्लेकमध्ये डेटा स्वस्त साठवणीत राहतो, गणनाशक्ती लागेल तेव्हा चालू होते. बिगक्वेरीत क्वेरीने (डेटाला विचारलेल्या प्रश्नाने) किती डेटा वाचला त्यावर बिल लावता येऊ लागलं. म्हणजे निष्काळजीपणे लिहिलेली क्वेरी आता थेट पैसे खाते. काम अधूनमधून उसळणारं असेल तर हा हिशेब फायद्याचा. दिवसरात्र सारखाच भार असेल आणि यंत्राची किंमत वसूल झाली असेल, तर घरचा रॅक आजही स्वस्त पडू शकतो.

भारतात यात डेटा कोणत्या देशात ठेवायचा हा प्रश्नही आला. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत डेटा सेंटर सुरू केली, ॲमेझॉन २०१६ मध्ये मुंबईत आलं. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने पेमेंटचा डेटा फक्त भारतातच साठवायला सांगितलं, त्यासाठी मुदत दिली सहा महिन्यांची. मग रिझर्व्ह बँकेच्याच एप्रिल २०२३ च्या आयटी आउटसोर्सिंगच्या निर्देशांत क्लाउडचाही समावेश झाला. सेवा बंद करायची वेळ आली तर बाहेर कसं पडायचं, याची योजना बँकांना आधीच तयार ठेवावी लागते.