फ्रॅटर्निटी-सोरॉरिटी सदस्यांची शैक्षणिक कामगिरी

अमेरिकेतील महाविद्यालयांत ग्रीक अक्षरांची नावे धारण करणाऱ्या मुलांच्या संघटनांना फ्रॅटर्निटी आणि मुलींच्या संघटनांना सोरॉरिटी म्हणतात. सदस्यत्व निमंत्रणाने मिळते, त्याआधी काही आठवड्यांची उमेदवारी करावी लागते. अशी पहिली संघटना, फाय बीटा कॅपा, १७७६ मध्ये विल्यम अँड मेरी कॉलेजात निघाली आणि पुढे ती चक्क गुणवंतांची मानाची संस्था झाली. तिच्या मागून आलेल्या संघटनांची ख्याती मात्र अभ्यासापेक्षा पार्ट्यांसाठी अधिक.

अनेक विद्यापीठे दर सत्राला या संघटनांचे सरासरी जीपीए (४ पैकी गुणांक) जाहीर करतात. त्यांत सोरॉरिटींची सरासरी बहुधा विद्यापीठातील सर्व मुलींच्या सरासरीपेक्षा वरचढ दिसते; फ्रॅटर्निटींचे चित्र संमिश्र असते. संघटना हे आकडे अभिमानाने मिरवतात, पण त्यांवर फार विसंबता येत नाही. प्रवेशासाठीच किमान जीपीएची अट असते, म्हणजे कच्चे विद्यार्थी दारातच गाळले जातात. मग उरलेल्यांची सरासरी चांगली आली, तर त्याचे श्रेय संघटनेला द्यायचे की चाळणीला?

विल्यम ईव्हन आणि ऑस्टिन स्मिथ या अर्थशास्त्रज्ञांनी नेमका या अटीचाच उपयोग करून घेतला. अट जेमतेम ओलांडणारे आणि थोडक्यात हुकलेले विद्यार्थी एरवी सारखेच. त्यांची तुलना केली तेव्हा सदस्यत्वामुळे गुण घसरतात असे आढळले. युनियन कॉलेजमधील मारा, डेव्हिस व श्मिट यांच्या अभ्यासात फ्रॅटर्निटी सदस्यांचा जीपीए सुमारे ०.२५ ने कमी, पण पुढील आयुष्यातील उत्पन्न सुमारे ३६ टक्क्यांनी जास्त निघाले. युनियन कॉलेज हे कॅपा अल्फा सोसायटी या जुन्या फ्रॅटर्निटीचे (१८२५) जन्मस्थान, तेव्हा हा अभ्यास घरचाच म्हणायचा. ईव्हन-स्मिथ यांना मात्र उत्पन्नातील असा लाभ दिसला नाही.

घसरणीचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही: उमेदवारीची कामे, बैठका, कार्यक्रम आणि रात्रीची जागरणे. त्यावर उतारा म्हणून संघटना नव्या सदस्यांना ठरावीक तास ग्रंथालयात बसवतात आणि जीपीए अटीखाली गेलेल्याला कार्यक्रमांना येऊ देत नाहीत. काही हाउसमध्ये, म्हणजे संघटनांच्या निवासांत, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या फाइलीही पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या असतात. त्यांतून विषय कळतो की फक्त पेपर सुटतो, यावर प्राध्यापक आणि विद्यार्थी यांचे एकमत होणे कठीण.