अमेरिकेतील पवनऊर्जा बंदरांवर कामासाठी ‘ट्विक’ ओळखपत्र : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड येथील मालधक्का मुख्यतः समुद्रातील पवनचक्क्यांच्या अवजड भागांची चढउतार लक्षात घेऊन बांधला गेला असून 62 पवनचक्क्यांच्या व्हिनयार्ड विंड प्रकल्पाचे काम तेथूनच चालले. अशा धक्क्याच्या सुरक्षित क्षेत्रात कोणी सोबत नसताना वावरायचे असेल, तर 2002 च्या सागरी वाहतूक सुरक्षा कायद्यानुसार ‘ट्विक’ (ट्रान्सपोर्टेशन वर्कर आयडेंटिफिकेशन क्रेडेन्शियल), म्हणजे वाहतूक क्षेत्रातील कामगारांचे ओळखपत्र लागते. मग तो क्रेनचालक असो वा पुण्याहून बदलीवर गेलेला अभियंता.

अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांच्याबाबत प्रश्न सहसा येत नाही. एच-1बी (कुशल नोकरीसाठीचा), एल-1 (त्याच कंपनीतील बदलीसाठीचा) तसेच समुद्रातील प्रकल्पांसाठीचा बी-1/ओसीएस व्हिसा असणारेही अर्ज करू शकतात. मात्र नुसत्या पर्यटक व्हिसावर ओळखपत्र मिळत नाही. देशद्रोह, हेरगिरी, दहशतवाद, खून अशा गुन्ह्यांत दोषी ठरलेली व्यक्ती कायमची अपात्र होते, तर इतर काही गंभीर गुन्ह्यांसाठी दोषसिद्धीपासून 7 वर्षे किंवा सुटकेपासून 5 वर्षे ही मर्यादा पाहिली जाते.

अर्ज वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडे करायचा असतो. प्राथमिक माहिती ऑनलाइन भरता येते, पण पहिल्या वेळी नोंदणी केंद्रावर स्वतः जावेच लागते, कारण बोटांचे ठसे आणि छायाचित्र तेथेच घेतात. भारतीय अर्जदाराने मुदतीतील पासपोर्ट, व्हिसा आणि आय-94 नोंद (अमेरिकेतील प्रवेशाची सरकारी नोंद) मूळ स्वरूपात न्यावी. आपल्याकडची खरी अडचण नावाची असते : पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे वडिलांचेही नाव छापलेले असते आणि अर्जात ते गाळले, तर दोन्हींचा मेळ बसत नाही. म्हणून पासपोर्ट समोर ठेवूनच, अक्षर न् अक्षर तपासून नाव भरावे. शुल्क सुमारे 125 डॉलर असून पार्श्वभूमीच्या तपासणीला वेळ लागत असल्याने किमान 60 दिवस आधी अर्ज केलेला बरा.

ओळखपत्राची मुदत 5 वर्षे असते. ते हाती आले म्हणजे फाटक उघडले, असा समज मात्र करून घेऊ नये. फाटकावरील पहारेकरी छायाचित्र, मुदत आणि कार्डावरील सुरक्षाखुणा पाहतो, आणि तरीही आत सोडायचे की नाही हे धक्क्याचे व्यवस्थापन कामाची गरज पाहून ठरवते. एच-1बी किंवा एल-1वर असलेल्या व्यक्तीने ती नोकरी सोडल्यास ओळखपत्र नोकरी देणाऱ्या कंपनीकडे परत करावे लागते.