बायर्न-तिकीट की डॉइचलांड-तिकीट? दक्षिण जर्मनीत रेल्वेने फिरण्याआधी

उन्हाळा जवळ आला की म्युनिकमधल्या मराठी घरांत आई-बाबांच्या येण्याची तयारी सुरू होते. व्हिसा, विमा, गोड्या मसाल्याची यादी असं सगळं मार्गी लागतं आणि मग प्रश्न येतो फिरायचं कसं याचा. नॉयश्वानश्टाइनचा किल्ला, साल्झबुर्ग, न्युरेम्बर्ग, जमलं तर ब्लॅक फॉरेस्ट. गाडी भाड्याने घ्यायची नसेल तर दोन तिकिटांची नावं हमखास कानावर येतात, बायर्न-तिकीट (बायर्न म्हणजे बव्हेरिया राज्य) आणि डॉइचलांड-तिकीट (डॉइचलांड म्हणजे जर्मनी). बहुतेकांची समजूत अशी होते की एक राज्यापुरतं आणि दुसरं देशभराचं, म्हणजे एकाच गोष्टीचा छोटा आणि मोठा आकार. या समजुतीपायी किती कुटुंबांचे पैसे आणि वेळ वाया जातो ते मी इथे सतत पाहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घोटाळा होण्याचं कारण उघड आहे. दोन्ही तिकिटं चालतात त्या गाड्या जवळपास त्याच: आरई आणि आरबी या प्रादेशिक गाड्या, एस-बान या उपनगरी गाड्या, आणि शहरातल्या मेट्रो, ट्राम, बस. बीआरबी, आगिलिस, आर्वेरिओ अशा वेगळ्या कंपन्यांच्या प्रादेशिक गाड्यांतही दोन्ही चालतात. आयसीई, आयसी, ईसी, रेलजेट या लांब पल्ल्याच्या गाड्यांत दोन्ही चालत नाहीत. चुकून बसलात आणि तिकीट तपासनीस आला तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे उत्तर पुरत नाही.

खरा फरक तिकीट कोणाचं आणि किती काळाचं, यात आहे. बायर्न-तिकीट दिवसाचं असतं आणि मंडळींचं असतं. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत प्रवास होतो. पहिल्या माणसाला तीस युरोंच्या थोडं वर आणि पुढच्या प्रत्येकाला साधारण दहा, असा हिशेब असतो. दर अधूनमधून बदलतात, म्हणून तिकीट काढताना आकडा पाहून घ्यावा. डॉइचलांड-तिकीट माणसाचं असतं आणि महिन्याचं असतं. ते एकाच्या नावावर निघतं, दुसऱ्याला देता येत नाही, आणि मुळात ती दरमहा चालणारी वर्गणी आहे. २०२२ च्या जून ते ऑगस्टमध्ये ९ युरोंचं तिकीट निघालं होतं, त्याला मिळालेल्या प्रतिसादातून १ मे २०२३ पासून हे तिकीट आलं. सुरुवातीला ४९ युरो, २०२५ मध्ये ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३.

आता हिशेब करून बघा. एकटा माणूस असेल तर बायर्न-तिकिटाचे दोन दिवस झाले की ६३ युरो जवळजवळ वसूल होतात. दोघं असतील तर तीन दिवसांच्या भटकंतीत दोन्ही बाजू बरोबरीला येतात. पाच जण असतील तर पाच डॉइचलांड-तिकिटांचे ३१५ युरो होतात, आणि तेवढ्यात पाच जणांची बायर्न-तिकिटं चार दिवस काढता येतात. त्यामुळे आई-बाबा तीन आठवडे राहणार, रोज यू-बानने, म्हणजे मेट्रोने, मंदिरात, बाजारात, इंग्लिश गार्डनमध्ये जाणार आणि मधून मधून बाहेरगावीही जाणार असतील, तर त्यांना डॉइचलांड-तिकीटच काढून द्यावं. फक्त दोन शनिवारी सगळ्यांनी मिळून बाहेर पडायचं असेल, तर बायर्न-तिकीट.

इथे एक चूक फार होते. मुलाकडे किंवा सुनेकडे कंपनीतून मिळालेलं डॉइचलांड-तिकीट आधीच असतं, तरी चौघं निघाली म्हणून चौघांचं बायर्न-तिकीट काढलं जातं. गरज फक्त आई-बाबांच्या दोघांच्या तिकिटाची असते. एकाच डब्यात दोघं एका तिकिटावर आणि दोघं दुसऱ्यावर बसले तर काहीही अडत नाही.

मुलांचा नियम दोन्हीकडे वेगळा आहे. सहा वर्षांखालची मुलं कुठेच मोजली जात नाहीत. सहा पूर्ण झालेल्या मुलाला डॉइचलांड-तिकिटात सोबत नेण्याची सोय नाही, त्याला स्वतःचं काहीतरी तिकीट लागतं. बायर्न-तिकिटात ६ ते १४ वयाची मुलं मोठ्यांबरोबर मोफत जातात. किती मुलं आणि कोणाबरोबर, हे तिकीट काढताना नीट वाचावं. बायर्न-तिकिटावर प्रवास करणाऱ्यांची नावं लिहावी लागतात, आणि मधल्या स्टेशनवर एकाच्या जागी दुसरा आला असं करता येत नाही.

वेळेचं बंधन हा बायर्न-तिकिटाचा सगळ्यात महत्त्वाचा नियम, आणि तोच सगळ्यात जास्त विसरला जातो. सोमवार ते शुक्रवार हे तिकीट सकाळी ९ वाजता सुरू होतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ३ पर्यंत चालतं. शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी मध्यरात्रीपासून चालतं. डॉइचलांड-तिकिटाला घड्याळ नाही.

याचा परिणाम नॉयश्वानश्टाइनच्या सहलीत नेमका दिसतो. म्युनिकहून फ्युसेनला प्रादेशिक गाडीने साधारण दोन तास लागतात. काही गाड्या थेट जातात, काहींना बुखलोए किंवा काउफबॉयरेनला बदल असतो. फ्युसेनच्या स्टेशनबाहेरूनच होहेनश्वानगाऊला बस निघते आणि ती दोन्ही तिकिटांत चालते. त्या गावापासून वर किल्ल्यापर्यंत चांगला अर्धा-पाऊण तास चढण आहे, आणि गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन त्याहून जास्त वेळ धरावा. किल्ल्याच्या आतल्या फेरीचं तिकीट ठरलेल्या वेळेचं असतं. ती वेळ हुकली की आत सोडत नाहीत. आठवड्यातल्या दिवशी बायर्न-तिकिटावर नऊनंतरच निघता येतं, म्हणजे वर पोचेपर्यंत दुपारचे साडेबारा-एक होणार. अशा वेळी साडेअकराची फेरी आरक्षित केली असेल तर पैसे गेलेच. दीड-दोनच्या पुढची वेळ घ्यावी, किंवा सहल शनिवारी करावी, किंवा त्या दिवसासाठी डॉइचलांड-तिकीट असावं. प्रवासाचं तिकीट आणि किल्ल्याचं तिकीट एकत्र बसून काढावं, असं मी सगळ्यांना आवर्जून सांगते.

आणि हा किल्ला पाहाच. दुसऱ्या लुडविग राजाचे नॉयश्वानश्टाइन, लिंडरहोफ, शाखेन आणि हेरेनकीमझे हे चार राजवाडे जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. पॅरिसच्या त्याच बैठकीत शिवरायांचे रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी धरून मराठ्यांचे बारा किल्ले त्या यादीत गेले. आई-बाबांना हे सांगून पाहा, चढण चढताना त्यांच्या गप्पांना वेगळाच रंग येतो.

हद्दीकडे वळू. बायर्न-तिकीट बव्हेरिया राज्यापुरतं, पण सीमेवरची काही स्टेशनं त्यात येतात आणि तीच कामाची आहेत. ऑस्ट्रियातलं साल्झबुर्ग आणि कुफश्टाइन दोन्ही तिकिटांत बसतात. म्युनिकहून साल्झबुर्गला बीआरबीची गाडी पावणेदोन-दोन तासांत नेते. त्याच मार्गावर रेलजेटही धावते आणि फलाटावरचा बोर्ड घाईत वाचला तर फसगत होते, म्हणून गाडीच्या नावापुढची अक्षरं पाहायची सवय लावावी. साल्झबुर्ग स्टेशनच्या पुढे मात्र दोन्ही तिकिटं संपतात. शहरातली बस वेगळी.

पश्चिमेला बायर्न-तिकीट उल्मपर्यंत जातं. उल्म शहर खरं तर बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातलं, डॅन्यूब ओलांडली की बव्हेरियातलं नॉय-उल्म. तिथल्या चर्चचं १६१.५ मीटर उंच शिखर स्टेशनबाहेर आल्यावर थोड्याच वेळात दिसू लागतं, आणि एक दिवसाच्या सहलीला ते गाव फार छान आहे. पण उल्मच्या पुढे श्टुटगार्टकडे जायचं तर बायर्न-तिकीट चालत नाही, डॉइचलांड-तिकीट चालतं. डिसेंबर २०२२ मध्ये उल्म ते वेंडलिंगेन हा नवा वेगवान मार्ग सुरू झाला आणि त्यावर आयसीईबरोबर प्रादेशिक गाडीही धावते. तसंच म्युनिक-न्युरेम्बर्ग. ती आरई गाडी इंगोलश्टाटनंतर आयसीईच्याच रुळांवरून जाते आणि पावणेदोन तासांच्या आसपास पोचवते. या गाडीत दोन्ही तिकिटं चालतात. तिची माहिती नसल्यामुळे लोक उगीच महागडं आयसीईचं तिकीट काढतात.

ब्लॅक फॉरेस्ट बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे, म्हणून तो मात्र पूर्णपणे डॉइचलांड-तिकिटाचा प्रांत आहे. ऑफेनबुर्गहून कॉन्स्टान्सकडे जाणारा मार्ग रोबेर्ट गेर्विग या अभियंत्याने आखला आणि तो १८७३ मध्ये पुरा झाला. हॉर्नबेर्ग ते सांक्ट गेओर्गेन या टप्प्यात गाडी चढ सोपा करण्यासाठी वळसे घेत जाते. एकामागून एक बोगदे येतात आणि मध्येच खाली तेच गाव पुन्हा दिसतं, या खेपेला दुसऱ्या बाजूने. खंडाळ्याचा घाट रेल्वेने चढलेल्या माणसाला खिडकीची जागा का हवी ते वेगळं सांगायला नको. फ्रायबुर्गहून टिटिझेकडे जाणारा हॉलेन्टालचा मार्गही असाच चढता. या भागात बायर्न-तिकीट काढून बसणं म्हणजे विनातिकीट बसणं, आणि त्याचा दंड किमान ६० युरो असतो. डॉइचलांड-तिकीट नसेल तर बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचंही असंच दिवसाचं मंडळींचं तिकीट मिळतं. दोन राज्यं एका दिवसात ओलांडायची असतील तर क्वेअर-डुर्क्स-लांड नावाचं देशभराचं एक दिवसाचं तिकीट आहे. तेही पाच जणांपर्यंत, आणि त्यालाही आठवड्यातल्या दिवशी नऊचं बंधन.

डोंगरावर जाणारी त्सुगश्पिट्सची दातेरी रेल्वे, केबल कार, क्योनिगझे किंवा कीमझे या तळ्यांतली बोट, यांची तिकिटं वेगळी काढावी लागतात. अशा प्रत्येक सहलीत माणशी खर्च वाढतो, तो आधीच धरावा.

गाड्या फुटण्याचा प्रकार मात्र दोन्ही तिकिटवाल्यांना सारखाच भोवतो. म्युनिकहून टेगर्नझे तळ्याकडे जाणारी बीआरबी निघताना एकच लांब गाडी असते. होल्त्सकिर्खेनला तिचा एक भाग सुटून बायरिशत्सेलकडे जातो, आणि पुढे शाफ्टलाखला उरलेल्या भागांपैकी एक लेंग्रीसकडे, एक टेगर्नझेकडे. गर्दीत जागा मिळेल तिथे बसलं आणि डब्यावरची पाटी वाचली नाही, तर तळ्याऐवजी भलत्याच खोऱ्यात उतरावं लागतं. आई-बाबा एकटे जाणार असतील तर त्यांना डब्याच्या दारावरचं गावाचं नाव मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून द्या.

गाडी खूप उशिरा आली तर आयसीईत चढायची मुभा साध्या तिकिटवाल्यांना मिळते, या दोन्ही सवलतीच्या तिकिटांना मिळत नाही. म्हणून परतीच्या दिवशी विमान पकडायचं असेल तेव्हा या तिकिटांवर लांबचा प्रवास ठेवू नये. एका गाडीतून दुसरीत बदलायला दहा मिनिटांचाच वेळ दिसत असेल तर आधीची गाडी घ्यावी.

शेवटी वर्गणीचं. डॉइचलांड-तिकीट तारखेपासून तीस दिवस चालत नाही, ते कॅलेंडरच्या महिन्याचं असतं. आई-बाबा २० जूनला येऊन १० जुलैला जाणार असतील तर दोन महिन्यांचे पैसे लागतील. अशा वेळी जूनच्या अकरा दिवसांसाठी बायर्न-तिकीट आणि जुलैसाठी डॉइचलांड-तिकीट असा मेळ घालता येतो, किंवा फिरण्याचे सगळे मोठे दिवस एकाच महिन्यात आणता येतात. चालू महिन्याअखेर वर्गणी बंद करायची तर त्याच महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावी लागते, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे आपोआप कापले जातात. महिन्याच्या मध्यावर तिकीट घेतलं तर काही विक्रेत्यांकडे पुढचा महिनाही गळ्यात पडतो. म्हणून १ तारखेपासूनचं घ्यावं, पहिल्याच आठवड्यात रद्द करावं आणि रद्द झाल्याचा ईमेल जपून ठेवावा. रद्द केलं तरी तिकीट त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं.