पायलट शाळा (बॉस्टन)

अमेरिकेतल्या बॉस्टन शहराच्या सरकारी शाळाव्यवस्थेत राहूनच आपला बराचसा कारभार स्वतः बघणाऱ्या शाळा. इमारत डिस्ट्रिक्टची (म्हणजे शहराच्या त्या सरकारी शाळाव्यवस्थेची), पगार डिस्ट्रिक्टच्या तिजोरीतून, शिक्षक युनियनचे सभासद, पण कोणाला कामावर घ्यायचं, पैसा कुठे लावायचा, काय शिकवायचं, शाळेचा दिवस किती तासांचा ठेवायचा हे शाळाच ठरवते. मुख्याध्यापकही शाळेचं स्वतःचं मंडळ निवडतं, शेवटची मान्यता मात्र सुपरिंटेंडेंटची, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाची. डिस्ट्रिक्टवर महापौरांनी नेमलेली स्कूल कमिटी असते. राज्याची एमकॅस परीक्षा आणि विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीचे कायदे यातून सूट नाही.

उगम : इथे मतभेद आहेत. एक धागा रे बड यांच्याकडे जातो. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्टमधल्या या प्राध्यापकांनी १९७० च्या दशकात कल्पना मांडली की स्कूल बोर्डाने शिक्षकांच्या गटाला शाळा चालवायची थेट सनद (चार्टर) द्यावी, म्हणजे 'चार्टर' डिस्ट्रिक्टच्या आतलाच होता. त्यांचं पुस्तक १९८८ मध्ये आलं आणि त्याच वर्षी ३१ मार्चला शिक्षक युनियनचे नेते अल्बर्ट शँकर यांनी वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये साधारण तीच कल्पना युनियनच्या संमतीची अट घालून मांडली. जर्मनीतल्या कोलोनमधली एक शाळा बघून आल्याचा त्यांच्यावर परिणाम होता. पुढे १९९१ चा मिनेसोटा राज्याचा कायदा झाला आणि चार्टर शाळा, म्हणजे अशी सनद घेऊन सरकारी पैशावर स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळा, डिस्ट्रिक्टच्या बाहेर गेल्या. दुसरा धागा न्यूयॉर्कचा, ईस्ट हार्लेमच्या डिस्ट्रिक्ट ४ मध्ये १९७४ ला डेबोरा मायर यांनी सेंट्रल पार्क ईस्ट ही छोटी शाळा काढली आणि त्याच मायर पुढे बॉस्टनला येऊन पायलट शाळा चालवू लागल्या. बड बॉस्टनच्याच राज्यातले, म्हणून पहिला धागा सोयीचा वाटतो, पण राज्य एक असण्याने काही सिद्ध होत नाही, आणि रोजच्या कामाची पद्धत बघितली तर दुसरा धागा जास्त पटतो.

तात्कालिक कारण मात्र स्पष्ट आहे. १९९३ च्या मॅसॅच्युसेट्स शिक्षण सुधारणा कायद्याने चार्टर शाळांना दार उघडलं, मुलं आणि त्यांच्यामागे येणारा पैसा दोन्ही बाहेर जाणार हे दिसायला लागलं, तेव्हा स्कूल कमिटी आणि बॉस्टन टीचर्स युनियन यांनी १९९४ च्या करारातच पायलट शाळांची तरतूद घातली. पहिल्या शाळा १९९५ ला सुरू झाल्या. पायलट शाळांची मोकळीक विधिमंडळाने दिलेली नाही, दोन पक्षांनी टेबलावर बसून लिहून घेतलेली आहे, आणि पुढचं सगळं समजायला हाच मुद्दा धरून ठेवावा लागतो.

कामाचा करार : पगार, लाभ आणि सेवाज्येष्ठता युनियनच्या करारानुसारच राहतात, बाकी अटी शाळा एका कागदावर लिहिते : दिवसाचे तास, मीटिंगा, सुट्टीतलं प्रशिक्षण, जादा कामं. दरवर्षी प्रत्येक शिक्षक त्यावर सही करतो. नको असेल तर सही न करता डिस्ट्रिक्टमधल्या दुसऱ्या शाळेत जायची सोय आहे. चालू शाळेला पायलट व्हायचं असेल तर तिथल्या दोन तृतीयांश शिक्षकांची मतं लागतात. जादा तासांचे पैसे मिळत नाहीत ही युनियनची तक्रार होती, ती रास्तच होती आणि २००६ च्या करारात ठराविक मर्यादेपलीकडच्या तासांना मोबदला द्यायचं ठरलं.

बजेट : दर मुलामागे एकगठ्ठा रक्कम मिळते. शिक्षकाचा खर्च प्रत्यक्ष पगाराने न मोजता डिस्ट्रिक्टच्या सरासरी पगाराने मोजतात, त्यामुळे जुने अनुभवी शिक्षक ठेवले म्हणून शाळा तोट्यात जात नाही आणि नवखे भरले म्हणून पैसा वाचतही नाही. पण उपमुख्याध्यापकाचं पद नको म्हटलं तर त्या पैशात आणखी एक शिक्षक घेऊन वर्ग लहान करता येतात.

काही शाळा : फेनवे हायस्कूल पायलट होण्याआधीपासूनची, १९८३ ची. बॉस्टन आर्ट्स अ‍ॅकॅडमी (१९९८) मध्ये मार्कांवर नाही, ऑडिशनवर प्रवेश मिळतो. मायर यांनी १९९७ ला काढलेली मिशन हिल ही शाळा, ती मुलांना छळापासून वाचवण्यात कमी पडल्याचा चौकशी अहवाल आल्यावर स्कूल कमिटीने २०२२ मध्ये बंद केली. स्वायत्तता कितीही असली तरी शाळा बंद करायचा अधिकार डिस्ट्रिक्टकडेच असतो हे त्यातून दिसलं.

परिणाम : २००९ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीच्या अभ्यासकांनी लॉटरीने प्रवेश मिळालेली आणि न मिळालेली मुलं यांची तुलना केली. चार्टर शाळांचा फायदा ठळक दिसला, पायलटचा निकाल धूसर राहिला. मात्र जागांपेक्षा अर्ज जास्त आणि लॉटरीच्या नोंदी उपलब्ध अशाच शाळा त्यात बसत होत्या, त्यामुळे यावरून सगळ्या पायलट शाळा फसल्या असं म्हणणं घाईचं होईल.

अन्यत्र : लॉस एंजेलिसमध्ये २००७ पासून बेलमाँट भागात याच धर्तीवर पायलट शाळा निघाल्या. मॅसॅच्युसेट्समध्ये १९९७ च्या दुरुस्तीने आलेल्या होरेस मान चार्टर शाळा जवळच्या नात्यातल्या, त्यांना सनद राज्य देतं पण स्थानिक कमिटीची संमती लागते. २०१० च्या कायद्याने इनोव्हेशन शाळा आल्या आणि अशीच मोकळीक राज्यातल्या इतर डिस्ट्रिक्टनाही कायद्याने देता येऊ लागली.